सासऱ्यांकडून आलेली साखर

संस्थेत त्यांना सगळे 'कडीवाले सर' म्हणत, आणि आईवडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा सरांनी हेच नाव जास्त प्रेमाने मिरवलं.

आतड्याच्या भिंतीवर बोलायला उभे राहिले की त्यांच्या अंगात काही वेगळंच संचारायचं. "मंडळी," ते म्हणत, "आपण घराला विटांची भिंत बांधतो, तुरुंगाला दगडांची. आणि देवाने आपल्या पोटात जी भिंत बांधली ती किती जाडीची? एका पेशीच्या. अलीकडे अन्न, जंतू, घाण, सगळा बाजार. पलीकडे रक्त. मध्ये एवढीशी पेशी. मग हा बाजार घरात का शिरत नाही?" इथे ते थांबत. पाण्याचा एक घोट घेत. मग दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून डोक्याच्या वर धरत आणि हळूच म्हणत, "कडी."

ही कडी म्हणजे एक प्रथिन. शेजारच्या दोन पेशींमधली फट ते घट्ट धरून ठेवतं. ते बनवणारं जनुक सरांनी उंदरांतून काढून टाकलं होतं. त्या बिनकडीच्या उंदरांची आतडी सुजली, अंगावर चरबी चढली आणि रक्तात साखर वाढली. सरांचं सांगणं असं, की कडी नसली की जंतूंचे तुकडे फटीतून रक्तात झिरपतात, रक्तातून यकृतात आणि चरबीत पोचतात, तिथे बारीक सूज धरते, आणि मग इन्शुलिनने दारावर कितीही थापा मारल्या तरी पेशी आतून हूं की चूं करत नाही. साखर बिचारी रक्तातच भटकत राहते. आतड्याचं दुखणं आणि मधुमेह, दोन्ही रोग एकाच कडीला टांगलेले. ऐकणारे माना डोलावत. एवढा सोपा रोग आणि एवढा गोड वक्ता पुन्हा कुठे मिळायचा?

सरांचं स्वतःचं पोट मात्र सभागृहात त्यांच्या आधी पोचे. वडिलांना साखर, आजोबांना साखर, चुलत्यांना साखर, आणि आता सरांनाही साखर. "आमच्या घराण्यातच कडी ढिली," असं सर सांगत, आणि सांगता सांगता गोडाचा डबा जवळ ओढत. दोष रक्तातला, मग जिभेला कशाला बोल लावायचा? तसा माणूस मनाचा मोठा, देवाला भिऊन वागणारा, विद्यार्थ्यांच्या फिया गुपचूप भरणारा. पण अहंकार असा लबाड जंतू आहे की त्याला अडवणारी कडी अजून कोणाच्याच पोटात सापडलेली नाही. बरं, तो शिरतोही चांगल्या गुणांच्या शेजारच्या फटीतून, म्हणून पटकन दिसत नाही.

सरांची दुसरी ख्याती म्हणजे त्यांची शिस्त. प्राणीघरात त्यांच्या दोन खोल्या होत्या. डाव्या खोलीत बिनकडीचे उंदीर, पिढ्यानपिढ्या तिथेच जन्मलेले. उजव्या खोलीत निरोगी उंदीर, बाहेरच्या पैदाशीतून विकत आणलेले. डावीकडून उजवीकडे जायचं तर अंगरखा बदला, हातमोजे बदला, पायावर नवे मोजे चढवा. डाव्या खोलीतला पिंजरा उजव्या खोलीत गेला, असं आजवर घडलं नव्हतं. पाहुणे आले की सर त्यांना हे कौतुकाने दाखवत. "आमच्याकडे बेटी-व्यवहार नाही आणि रोटी-व्यवहारही नाही," ते हसून म्हणत, आणि पाहुणेही हसत.

एकटी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी हसत नसे. तिला सर 'शंकासूर' म्हणत. वर्षभर तिचा एकच हेका.

"सर, एकदा दोन्हीकडचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवून बघू या."

"कशाला?"

"ते एकमेकांच्या लेंड्या खातात, सर. म्हणजे एकाच्या पोटातले जंतू दुसऱ्याच्या पोटात जातात. आपण म्हणतो, डावे आजारी पडले कारण त्यांना कडी नाही. पण त्यांचे जंतूही वेगळे आहेत. आईकडून पिल्लाला, पिल्लाकडून त्याच्या पिल्लाला, त्याच खोलीत चालत आलेले."

"अगं, मग मी इतकी वर्षं काय दोन खोल्यांची राखण करत बसलो?"

"तेच विचारते आहे, सर."

"शंकासुरा, आधी तुझा प्रबंध पुरा कर. त्याची तीन प्रकरणं कडीवर उभी आहेत. ज्या फांदीवर बसलीस ती तोडायला निघालीस होय?"

ती कामाला लागायची, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायची.

आता घरची गोष्ट. सरांच्या घरात चार माणसं. सर, त्यांची बायको म्हणजे बाई, लेक आणि जावई. जावई इमारतींचे नकाशे काढायचा. त्याची नोकरी या गावात आली, आपलं घर मिळेपर्यंत म्हणून दोघं इथे राहायला आली आणि घर काही मिळेना, किंवा सासूबाईंच्या हातचं जेवल्यावर ते शोधायचं राहून गेलं. आला तेव्हा गडी असा सडपातळ होता की दारातून आडवा जाईल. रोज संध्याकाळी सासरे-जावई समोरासमोर बसत. सरांनी डबा ढकलायचा, जावयाने उघडायचा. "घ्या हो जावईबापू, तुमच्या घराण्याची कडी घट्ट आहे. तुम्हाला काय धाड भरली आहे?"

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले असताना जावयाने सहज सांगितलं, "बाबा, माझी साखर वाढलेली निघाली."

लेकीचा हात थांबला. बाई म्हणाल्या, "अगंबाई. आणि हे कधी?"

"काल. कंपनीची तपासणी होती ना. डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात कोणाला साखर आहे का? मी म्हटलं, आहे की. सासऱ्यांना."

"आणि मग?"

"डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, अहो, सासरे रक्ताचे नातेवाईक नसतात. मी म्हटलं, नसतील. पण त्यांच्या पँटा आता मला येतात."

सर खदखदून हसले. पोट हललं, टेबल हललं, ताटातली वाटी हलली. हसता हसता त्यांनी डोळे पुसले, पुन्हा हसायला तोंड उघडलं, आणि ते तोंड तसंच उघडं राहिलं. विकत आणलेला निरोगी उंदीर डाव्या खोलीत आणून ठेवला होता. त्यांच्याच घरात, त्यांच्याच हाताने. आणि त्याला साखर झाली होती.

"अहो, घास अडकला का?" बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला.

"नाही. जावईबापूंच्या घरी खरंच कोणाला नाही?"

"नाही हो बाबा. आमचे आजोबा अजून झाडावर चढतात."

"एवढं चमकायला काय झालं?" बाई शांतपणे भात कालवत म्हणाल्या. "मला साखर निघाली तेव्हा तुम्ही माझं माहेर धुंडाळलंत. माझ्या माहेरी औषधालाही कोणाला नाही. तेव्हा म्हणालात, असेल कुठेतरी दडलेली."

"तुझी गोष्ट वेगळी. तू घरचीच."

"हो ना. घरची म्हणून मोजायचं नाही आणि परघरची म्हणून विचारायचं नाही. तीस वर्षं तुमच्या पिंजऱ्यात आहे, कधी आकड्यात धरलंत?"

लेक खाली मान घालून हसली. सर हसले नाहीत. त्यांनी गोडाचा डबा उघडला, आत बघितलं, आणि झाकण लावून टाकलं. या घरात असं पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे सगळे जरा घाबरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी शंकासुराला बोलावलं.

"एका पिंजऱ्यात ठेव," ते म्हणाले.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती खुर्चीत बसली.

"एक बायको आणि एक जावई, एवढ्यावर शास्त्र उभं राहत नाही," सर जणू तिच्याशीच भांडत होते. "एका ताटात जेवलं की सवयी लागतात, तूपसाखर वाढते, त्यात जंतूंचं काय आणि तुपाचं काय, कसं वेगळं काढणार? माणसांचा पुरावा म्हणजे खिचडी."

"म्हणून उंदीर, सर. त्यांना सगळ्यांना एकच खाणं देऊ."

"निकाल उलटा लागला तर तुझी तीन प्रकरणं बुडतील."

"बुडायची असतील तर आत्ता बुडू देत. मला पोहता येतं. बुडत्या बोटीवर पदवी घ्यायला नको." मग ती जरा थांबून म्हणाली, "तुमची तर अख्खी हयात आहे, सर."

सरांनी बोटं एकमेकांत अडकवली आणि सोडवली. "हयात देवाची. माझी नुसती कडी."

तोंडाने बोलायला हे छानच होतं. पुढचे काही महिने मात्र सर प्राणीघराच्या दारापर्यंत जात आणि परत फिरत. इकडे संस्थेत त्यांच्या सत्काराची तयारी चालली होती. वार्षिक मोठं व्याख्यान त्यांचं ठरलं होतं, आणि त्याच दिवशी नव्या इमारतीच्या दारावर संगमरवरी पाटी बसायची होती. त्या पाटीवर अक्षरं अशी कोरायची होती, की मधुमेहाचं मूळ आतड्याच्या कडीत आहे, हे रहस्य या संस्थेत उलगडलं. सरांना एकीकडे देवाला सांगावंसं वाटे, निकाल माझ्या बाजूने लाव. पण लगेच जीभ चावावी लागे, कारण असं मागणं देवाला कळलं तर तो मुद्दाम शंकासुराच्या बाजूने लावायचा.

देवाने काय केलं कोण जाणे, उंदरांनी मात्र मुलाहिजा ठेवला नाही.

शंकासुराने सरांना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. कडीचं प्रथिन हिरवं चमकावं असा रंग तिने आतड्याच्या कापांना दिला होता. पहिली काच उजव्या खोलीतल्या, कोणाशी न मिसळलेल्या उंदराची. प्रत्येक पेशीभोवती हिरवी रेघ, एकीला एक लागलेली, बारीक विणलेल्या जाळ्यासारखी. असलं चित्र सरांनी आयुष्यात हजारदा बघितलं असेल, तरी डोळा निवला.

"आता ही," ती म्हणाली. "जनुक शाबूत. नुसता डावीकडच्यांबरोबर एका पिंजऱ्यात राहिलेला."

जाळं फाटलं होतं. रेघा जागोजागी तुटलेल्या, आणि पेशींच्या पोटात हिरवे ठिपके.

"कडी आहे," सर पुटपुटले. "आहे, पण दारावर नाही. पेशीने आत ओढून घेतली आहे."

"हो सर. साखरही चढली आहे. डावीकडच्या जंतूंतलं काहीतरी पेशीला असा निरोप देतं की कडी काढ. निरोप्या कोण ते अजून शोधायचं आहे. आणि ही शेवटची काच. बिनकडीचं पिल्लू, जन्मल्या जन्मल्या उजव्या खोलीतल्या आईच्या कुशीत दिलेलं. कडीचं जनुक नाहीच. तरी आतडं सुजलं नाही, साखर ठीक. बाकीची प्रथिनं भिंत सांभाळून घेतात."

सरांनी काच काढून उजेडात धरली. चोराला पकडलं म्हणून ज्या कडीच्या नावाने ते आयुष्यभर दवंडी पिटत आले, ती कडी तर घरचीच होती. चोर दुसराच, आणि तो संगतीने आला होता. आणि त्याला पिढ्यानपिढ्या त्या खोलीत नीट सांभाळलं कोणी? अंगरखे बदलून, मोजे बदलून, ज्या शिस्तीचं कौतुक झालं त्या शिस्तीने. एकदा जरी कुणी गबाळेपणाने पिंजऱ्यांची अदलाबदल केली असती तरी खरं तेव्हाच कळलं असतं.

"वारसा तर खराच गं," ते शेवटी म्हणाले. "फक्त रक्तातून आलेला नाही."

दुपारी ते संचालकांकडे गेले. संचालक हा व्यवहारी माणूस, टेबलावर कागद कधी तिरका पडू द्यायचा नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"फार मोलाचं काम," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी जरूर मांडा."

"पण व्याख्यान या आठवड्यात आहे."

"म्हणूनच म्हणतो पुढच्या वर्षी. पाटी कोरून झाली आहे, सर. संगमरवराला खोडरबर चालत नाही."

"आणि मुलीचा प्रबंध?"

"ती जुनी तीन प्रकरणं देईल आणि पदवी घेईल. नव्याचं पुढे बघू. घाई कोणाला आहे?"

घाई खरोखर कोणालाच नव्हती, आणि त्याच गोष्टीचा सरांना मोह पडला. त्या दिवशी ते संस्थेच्या बागेत बाकावर बसून राहिले. पुढच्या वर्षी सांगितलं तर खोटं थोडंच होणार होतं? उशिराचं खरं होणार होतं. पण या वर्षी पाटीखाली हार घालून उभं राहायचं, आणि समोर ती पोर बसलेली असणार, खोटी आहेत हे ठाऊक असलेली तीन प्रकरणं मांडीवर घेऊन. आपल्या संगतीत राहून तिला दुसरं काही लागलं नाही, खरं दडवायचा एवढाच गुण लागला असं व्हायचं. पिंजरा त्यांचा होता. त्यांनी तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं आणि उठले.

सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत संचालक, बाई, लेक, जावई, आणि टोकाला दाढीवाले प्रोफेसर. हे दाढीवाले म्हणजे सरांचे जुने वैरी. कडी हे थोतांड असून खरा दोष यकृतातल्या दुसऱ्याच एका जनुकाचा आहे, असं ते प्रत्येक सभेत उठून सांगत आले होते.

"मंडळी," सरांनी सुरुवात केली, "एका पेशीची भिंत." लोकांनी पाठ असलेल्या भजनासारखं ते ऐकलं. पाण्याचा घोट झाला. सरांनी बोटं अडकवून वर धरली, आणि सभेच्या डोळ्यांदेखत सोडून दिली. "कडी निर्दोष आहे," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी चुकीच्या आरोपीला फाशी देत होतो."

सभा हसली. सरांनी जावयाची गोष्ट सांगितली. सासरे रक्ताचे नातेवाईक नसतात, या वाक्याला लोक गडगडून हसले. पँटांच्या वाक्याला जावयाने स्वतः उभं राहून नमस्कार केला, तेव्हा तर छप्पर उडायचं बाकी राहिलं. सर घाम पुसत पुढे गेले. दोन खोल्या सांगितल्या, लेंड्या सांगितल्या, त्यावरही लोक हसले. फाटलेलं हिरवं जाळं पडद्यावर दाखवलं. "ही चूक माझी," ते म्हणाले, "आणि ती शोधली या मुलीने, मी वर्षभर नको नको म्हणत असताना." शंकासूर तोंडावर रुमाल धरून बसली होती. हसत होती की रडत होती, ते मागच्यांना कळलं नाही, म्हणून त्यांनी हसते आहे असं धरून चाललं.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय विनय आहे," संचालक शेजाऱ्याला म्हणाले. "एवढं मोठं काम, आणि माणूस स्वतःलाच चिमटे काढतो." मग सगळे बाहेर गेले, आणि मधुमेहाचं मूळ आतड्याच्या कडीत आहे असं सांगणाऱ्या पाटीवरचा पडदा ठरल्या वेळी ओढला गेला. आपण आताच ऐकलेल्याच्या हे नेमकं उलट आहे, असं कोणाच्याही मनात आलं नाही. सरांनी तोंड उघडलं तोवर गळ्यात हार पडला.

एक माणूस टाळ्या न वाजवता सभागृहातच बसून राहिला होता. सर हार हातात घेऊन आत आले. दाढीवाल्यांचा चेहरा उतरलेला होता.

"झालं ना मनासारखं?" सर म्हणाले. "कडी गेली तुमच्या रस्त्यातून."

दाढीवाल्यांनी मान वर केली नाही. "तुमचे निरोगी उंदीर कुठून आणले होते?"

"विकतचे. बाहेरून."

"आणि ठेवले वेगळ्या खोलीत."

"हो."

"माझेही," दाढीवाले म्हणाले.

सर मध्ये एक खुर्ची सोडून त्यांच्याजवळ बसले. आयुष्यभर एकमेकांना पाण्यात पाहिलेली ती दोन माणसं आता एका रांगेत होती. मग सरांनी हार मधल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. "आमची शंकासूर शिकवेल तुम्हाला, पिंजरे कसे मिसळायचे ते," ते म्हणाले. "फार काही अवघड नाही. आपली शिस्त तेवढी मोडावी लागते."

शंकासुराच्या प्रबंधातली तीन प्रकरणं गेली आणि त्यांच्या जागी एकच आलं. ते लिहायला तिला आणखी एक वर्ष लागणार होतं. तिने कुरकुर केली नाही, फक्त सरांना बजावलं की आता उंदरांच्या लेंड्यांसारखे माणसांचेही नमुने लागतील, आणि सुरुवात कुठून करायची ते तुम्ही जाणता.

म्हणून सर एका संध्याकाळी कागदी पिशवी घेऊन घरी आले. बाई स्वयंपाकघरात होत्या. ओट्यावर दुधीची फोड होती आणि गोडाचा डबा रिकामा करून धुऊन पालथा घातलेला होता.

"काय आणलंत?"

सरांनी पिशवीतून स्क्रूच्या झाकणाच्या, आत चिमुकला चमचा असलेल्या प्लास्टिकच्या डब्या काढून टेबलावर ओळीने मांडल्या. बाईंनी एक उचलली, चमचा बघितला आणि त्या समजल्या.

"तीस वर्षांत कधी एक फूल आणलं नाहीत," त्या म्हणाल्या. "आणलंत ते हे."

"शास्त्रासाठी गं."

जावई डोकावला. "बाबा, ही मला सासऱ्यांकडून भेट समजायची का?"

"परत भरून द्यायची आहे," लेक आतून म्हणाली.

सरांनी खिशातून पेन काढलं आणि डब्यांवर आकडे घालायला लागले. सवयीने पहिली डबी त्यांनी स्वतःकडे ओढली होती. बाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

"थांबा. या घरात बाहेरून पहिलं कोण आलं?"

सरांनी आपली डबी बाजूला सारली, बाईंची समोर घेतली, आणि झाकणावर ठसठशीत अक्षरात 'एक' लिहिलं.

"बरं दिसतंय," बाई म्हणाल्या, आणि डबी पदराने पुसून फडताळात, आपल्या औषधांच्या शेजारी ठेवून आल्या.